वकिलोबाची वाट

संपादकांनी कामधंद्यातले अनुभव लिहून पाठवा असे कळवले, तेव्हा निरोप चुकून माझ्याकडे आला असावा असे मला वाटले. दिवाळीच्या अंकांत असे लेख निवृत्त मामलेदार लिहितात, डॉक्टर लिहितात, जन्म पोस्टात काढलेले गृहस्थ लिहितात. मी अजून कॉलेजात शिकतो. माझे काम म्हणाल तर सुट्टीतले, आणि त्याला धड नावही नाही. धारवाड-बेळगावकडची शिकलेली मंडळी आमच्या जोयड्याच्या रानात पायी फिरायला येतात. त्यांना सकाळी डोंगरावर न्यायचे आणि संध्याकाळी, शक्यतो तितक्याच संख्येने, परत आणायचे, एवढेच ते काम. तिसरे वर्ष चालू आहे. तेवढ्या पुंजीवर लिहायचे धाडस करतो. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

हे काम काय आहे ते मला माझ्या वडिलांना कधी समजावून देता आले नाही. आम्ही नंदिगड्ड्याच्या बाजूचे कुणबी. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेची पायरी चढलेले नाही. वडील भातशेती करतात आणि उन्हाळ्यात जंगलखात्याच्या लाकूडतोडीवर जातात. डोंगरावर माणूस का चढतो याची त्यांच्याजवळ पक्की यादी आहे: लाकूड, मध, हरवलेले जनावर, पलीकडची सोयरीक. पहिल्या खेपेनंतर त्यांनी मला विचारले की ही माणसे वर कशाला जातात. मी म्हणालो, बघायला. काय बघायला, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, डोंगर. ते म्हणाले, "डोंगर तर खालनं बी दिसतोय की रं."

 वडील चारचौघांत माझ्या कामाचा विषय निघाला की सुपारी कातरू लागत. कुणी फारच विचारले तर म्हणत, "पोरगं कॉलेजात हाय. सुट्टीला लोकान्ला हिंडवतंय." हे वाक्य ते अशा आवाजात म्हणत, की ऐकणाऱ्याला वाटावे मी गुरे राखतो आणि तीही दुसऱ्याची.

काम मिळाले ते गैरसमजातून. आमचे वनस्पतिशास्त्राचे सर रानात फिरणाऱ्यांचे एक मंडळ चालवतात. त्यांनी वर्गात विचारले की जोयड्याच्या रानातला कोणी आहे का. मी हात वर केला. सर इतके आनंदले की, मी लहानपणीच शिक्षणासाठी मामाच्या ओळखीने हल्याळला राहायला गेलो आणि रानापेक्षा तिथली बाजारपेठ मला जास्त ठाऊक आहे, हे सांगायचे राहून गेले. मला एकच वाट नीट माहीत होती. आमच्या गावामागचा चढ चढून, डोंगराच्या धारेने खिंडीपर्यंत जाऊन पलीकडे आईच्या माहेरी उतरणारी. आजोळची वाट म्हणून ती पायांत बसलेली. त्यामुळे तीन वर्षे मी सगळ्या पाहुण्यांना त्याच एका वाटेने नेले. कधी इकडून तिकडे, कधी तिकडून इकडे. दुसऱ्यांदा येणाऱ्यांना मी सांगत असे की ऋतू बदलला की ही वाट निराळी होते. सुदैवाने हे खरे निघाले.

आषाढात ती वाट नसतेच, ओढा असतो. जळवा इतक्या की पाहुण्यांच्या पायाला तंबाखूचे पाणी आणि चुना फासणे हाच निम्मा धंदा. भाद्रपदात धारेवर तेरडा फुलतो आणि डोंगराची अख्खी सोंड गुलाबी होते; तेव्हा सर एकेका फुलापाशी बसतात आणि मंडळ पुढे सरकत नाही. मार्गशीर्षात सकाळी खाली काळी नदीचे खोरे धुक्याने भरलेले असते आणि आपण दुधाच्या हंड्याच्या काठावर उभे आहोत असे वाटते. चैत्रात रान वाळते, पानांवर पाय पडला की सरड्याचाही गवा वाटतो. या दिवसांत पाहुणे फार शांत चालतात आणि मला मध्ये घेऊन चालतात. वाटाड्याने पुढे असावे असे मी कुठेतरी वाचले होते, पण माझी तक्रार नव्हती.

या धंद्यात वाघापेक्षा अवघड प्रश्न एकच असतो, तो दमलेल्या माणसाचा. शिकलेला माणूस दमला तर ते कबूल करत नाही. पहिल्याच खेपेला बेळगावचे एक वकीलसाहेब होते. देहाने भरदार, कोर्टात आवाज घुमेल असे. चढावर त्यांचा श्वास ऐकून मी काळजीने विचारले, "दमलात का?" झाले. पुढचा अर्धा चढ ते रागाने चढले. मग एका वळणावर, पळसाखाली, ते अचानक खाली बसले. चेहरा पांढरा पडला होता. पुढे गेलेली मंडळी वळून पाहू लागली, आणि वकीलसाहेबांच्या डोळ्यांत असे काही आले की ते पाहून मलाच लाज वाटली.

आता इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. वर खिंडीत एक देव आहे. मूर्ती नाही, देऊळ नाही. डहाळ्यांचा ढीग आहे. खिंड ओलांडणारा प्रत्येक माणूस वाटेत पानांसकट एक डहाळी मोडतो, ढिगावर ठेवतो आणि क्षणभर बसतो. खालच्या डहाळ्या कुजतात, वर नव्या पडतात, ढीग वाढतही नाही आणि संपतही नाही. डहाळीचा ढीग दिसला आणि आमचा माणूस तसाच पुढे गेला असे होत नाही. हा कुणाचा, कधीचा, असे कोणी विचारत नाही. दिसला की ठेवायची, एवढेच.

तर मी काय केले, पळसाची एक डहाळी मोडली, वकीलसाहेबांच्या पायाशी ठेवली आणि वरच्या मंडळींना ओरडून सांगितले की इथे बसायची पद्धत आहे, सगळ्यांनी खाली यावे. सगळे आले, एकेक डहाळी ठेवून बसले. वकीलसाहेबांनी कपाळ पुसले आणि गंभीरपणे विचारले की या दैवताचे नाव काय. मी म्हणालो, नाव घेत नाहीत. त्यांनी हात जोडले. सर मंडळींना सांगू लागले की ही वृक्षपूजा अतिप्राचीन आहे. आपल्या सरांना मध्येच तोडायचे संस्कार माझ्यावर नाहीत.

युक्ती लागू पडली म्हटल्यावर मी ती सोडली नाही. वर ओढ्याजवळ जिथे दुसरा चढ संपतो तिथे एक, आणि धारेवर उघड्या कातळापाशी एक, असे आणखी दोन देव पुढच्या दोन हंगामांत बसले. पाहुणे खूश असत. कुणालाच दमावे लागत नव्हते. सगळे भाविक होत होते.

मी विसरलो ते एवढेच की त्या वाटेने माझ्या पाहुण्यांखेरीज माणसेही जातात. पलीकडून भाचीच्या बारशाला निघालेली बाई, इकडून बियाण्याचे भात घेऊन जाणारा गडी, त्यांनी वळणावर ढीग पाहिला आणि डहाळी ठेवली. रीतच ती. दिवाळीला घरी आलो तेव्हा पळसाखालचा ढीग गुडघ्याला लागत होता. पहिल्या दिवशी तिथे जाडा वकील बसला होता हे गुराख्यांनी पाहिले होते, त्यामुळे थट्टेने त्या ढिगाला वकिलोबा म्हणत. वर्षभरात थट्टा गळून पडली आणि नाव राहिले. सुप्याच्या कचेरीत ज्यांची प्रकरणे असत ते मुद्दाम लांबचा फेरा घालून वकिलोबाला डहाळी ठेवून जाऊ लागले. एकाचा निकाल बाजूने लागला. मग तर विचारूच नका. माझी आई माझ्या परीक्षेसाठी तिथे दर सोमवारी जाते हे मला उशिरा कळले. इंग्रजीत मी जेमतेम सुटलो, तेव्हा ती म्हणाली की वकिलोबा बोलण्यात वाकबगार असेल, पण त्याला लिहिण्याचे अंग नसावे.

इथवर सगळे हसण्यावारी होते. मागच्या पौषात गावात बातमी आली की राखीव जंगलातून गावठी वाटा फार झाल्या आहेत, जंगलखात्याचे मोठे साहेब स्वतः फिरून पाहणार आणि जिला जुनी वहिवाट नाही ती वाट बंद करणार. आमची धारेची वाट त्यांच्या यादीत होती.

बाहेरच्या वाचकाला एका पायवाटेचे एवढे काय असे वाटेल. वाटेने आजोळ अर्ध्या दिवसावर आहे. गाडीरस्त्याने वळसा घालून गेले तर मध्ये मुक्काम करावा लागतो. माघातल्या उळवीच्या जत्रेला दोन्हीकडची माणसे याच वाटेने निघतात. आणि आमच्या घरापुरते म्हणायचे तर माझी बहीण माणकी पलीकडेच दिली आहे. ती पोटुशी होती, आणि फाल्गुनात पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. सातव्या महिन्यातल्या बाईला बैलगाडीत घालून त्या खाचखळग्यांतून दोन दिवस आणायचे नाव आईने काढू दिले नाही. ती म्हणाली, चालत येईल, बसत बसत येईल, पण गाडीत नाही. आमच्या बापजाद्यांची कुमरी, म्हणजे रान भाजून नाचणी पेरायची शेती, सरकारने केव्हाच बंद केली. ती गेली तेव्हा लोक गप्प राहिले. वाटेच्या वेळी मात्र गाव जमले.

गावकार, म्हणजे गावचे मुखिया, सोमाअज्जा यांच्या अंगणात ठरले की घाबरायचे कारण नाही. वाटेवर एक सोडून चार देव आहेत. चार देवांची वाट जुनी नाही तर काय. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी एकटाच उठून दाराशी गेलो आणि लोक पांगल्यावर परत आलो. अज्जा बांबूची पाटी विणत बसले होते. मी सांगितले की त्या चारांतले तीन मी बसवले आहेत.

"कशापायी?" त्यांनी विचारले.

"एका वकिलासाठी, अज्जा. चढावर दम लागला होता त्यांना."

"लई जड हुता?"

"फार."

"मग बरोबर हाय." त्यांनी एक काडी ओढून घेतली. "देव कुणी बसवला ते कोण इचारत न्हाई, पोरा. कुणी उठवला ते मातर सगळी इचारत्यात. तू सुम्म बस."

मी सुम्म, म्हणजे गप्प, बसायचे ठरवून घरी आलो. पण मोठ्या साहेबांनी नेमके मलाच बोलावले. कॉलेजात शिकणारा पोरगा या वाटेने पाहुणे नेतो असे त्यांना कुणीतरी सांगितले होते. साहेब आमच्याच भाषेचे, मूळचे खानापूरकडचे, पन्नाशीतले, आणि सांगायला संकोच वाटतो, वकीलसाहेबांच्याच बांध्याचे. बरोबर आमच्या भागाचा जंगलगार्ड होता. बारीक, काटक माणूस, रोजचा त्या रानात फिरणारा. मागून गाव निघाले: अज्जा, माझे वडील, आई, आणखी दहावीस माणसे. वडील सगळ्यांत मागे होते. आज आपला मुलगा नक्की काय काम करतो ते सर्वांसमक्ष कळणार, हे त्यांच्या चालीत दिसत होते.

चढ सुरू झाला. मी साहेबांना काही विचारले नाही. तेवढे मी शिकलो होतो. पळसाच्या वळणावर साहेब थांबले. श्वास आवरत त्यांनी ढिगाकडे काठी दाखवून विचारले की हे काय. पाचसहा माणसे एकदम म्हणाली, देव. गार्ड म्हणाला, "साहेब, हे परवा-परवाचं हाय. मी हितनं रोज जातो. तीन सालामागं काय बी नव्हतं."

 साहेब माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "तू शिकलेला आहेस. तू सांग. हा देव जुना आहे का?"

या प्रसंगी माझ्या मनात थोर विचार आले असे लिहायचा मोह होतो. आले नाहीत. अज्जांचे "सुम्म बस" आठवले, माणकी आठवली, आणि खोटे बोलायला तोंड उघडले. पण परीक्षेत उत्तर येत नसले की माझे जे होते तेच झाले. सुचले नाही. सुचले नाही म्हणून खरे बोललो.

"हा मी बसवला, साहेब. एका वकीलसाहेबांना दम लागला होता, म्हणून. ओढ्याजवळचा आणि कातळावरचाही माझाच. खिंडीतला तेवढा जुना आहे."

गार्डने विजयाने मिशीवरून हात फिरवला. मागे कुणीतरी माझ्या नावाने काही पुटपुटले. वडिलांकडे पाहायची माझी छाती झाली नाही. तेवढ्यात आई पुढे आली. माझ्याकडे तिने पाहिलेही नाही. पळसाची एक डहाळी मोडून ढिगावर ठेवली आणि नेहमीसारखी, गुडघ्यावर हात टेकून, खाली बसली.

साहेब तिला म्हणाले, "बाई, ऐकलंस ना? हा देव तुझ्या मुलानं केलेला आहे."

"ऐकलं की," आई म्हणाली. "पोरगं माझंच हाय, खोटं सांगाया येत न्हाई तेला. पर साहेब, चढ काय तेनं केल्याला न्हाई. चढ जुना हाय. माझी आई हितं बसायची, मी पोटुशी असताना हितंच बसत आली, आता लेक येल ती हितंच बसंल. तवा ढीग नव्हता, एवढंच. बूड टेकायची जागा हीच."

साहेबांनी चढाकडे वर पाहिले, खाली पाहिले. मग गार्डला विचारले, "तू रोज जातोस म्हणालास. तू कुठे बसतोस?"

गार्डने मिशीवरचा हात काढला.  मग म्हणाला, "हितंच, साहेब."

साहेबही बसले. त्यांच्याखालचा दगड किती बुडांनी गुळगुळीत झाला आहे हे तेव्हा माझ्या प्रथमच लक्षात आले. दोन वर्षे मी तिथे देव बसवत होतो आणि दगड पाहिला नव्हता. ओढ्याजवळही तसाच निघाला, कातळावरही. मी स्वतःच्या हुशारीने निवडलेल्या जागा आमची माणसे पिढ्यान्‌पिढ्या निवडत आली होती; दमण्याची जागा माणसागणिक बदलत नाही, एवढाच त्यात अर्थ. साहेब प्रत्येक ठिकाणी बसले आणि कातळावर तर त्यांनी स्वतः डहाळी ठेवली, असे गार्ड सोडून सगळे सांगतात.

हुकूम निघाला की गुरे, गाड्या आणि लाकडाच्या मोळ्या यांना बंदी. देवांना डहाळी वाहण्यासाठी पायी जाणाऱ्यांना वाट मोकळी.

फाल्गुनात माणकी आली. चार ठिकाणी बसली, चार डहाळ्या ठेवल्या आणि दिवस मावळायच्या आत घरी पोचली. मुलगा झाला. त्याचे नाव वकील ठेवा असे गावात सुचवले गेले, पण जावयाने ऐकले नाही.

माझे प्रायश्चित्त आषाढात आले. गार्डने हुकूम अक्षरशः पाळायचे ठरवले होते. डहाळी वाहण्यासाठीच वाट मोकळी आहे म्हटल्यावर जो वाहणार नाही त्याला तो परत पाठवी. त्या दिवशी माझ्याबरोबर तालमीत जाणारे चार तरुण विद्यार्थी होते. त्यांना दम म्हणून लागत नव्हता, त्यांना भरभर खिंड गाठून यायची होती. पाऊस कोसळत होता. वकिलोबापाशी इरले पांघरून गार्ड उभा. म्हणाला, "बसा."

मी म्हणालो की मंडळी दमलेली नाहीत.

"देव तुमचाच न्हवं का?" तो म्हणाला. "मग बसा की."

आम्ही बसलो. तो आमच्याबरोबर ओढ्यापाशी आला, तिथेही बसवले. कातळावरही. जळवांना असा निवांत पाहुणचार त्या पावसाळ्यात दुसऱ्या कोणी केला नसेल. घरी पोचलो तेव्हा माझ्या दोन्ही पायांवर रक्ताचे ओघळ होते आणि त्या चौघांनी पुन्हा यायचे नाव घेतले नाही.

वडील ओसरीवर बसले होते. त्यांनी चुन्याची डबी माझ्याकडे सरकवली. त्या पौषातल्या दिवसापासून या विषयावर ते एक शब्द बोलले नव्हते. मी चुना लावत होतो, ते सुपारी कातरत होते. समोरून शेजारचे दाजी पावसातून आले आणि नेहमीच्या खवचटपणाने विचारू लागले की काय, पोराचं लोकांना हिंडवणं चालू आहे वाटतं अजून.

वडिलांनी अडकित्ता खाली ठेवला.

"हिंडवतोय कोण?" ते म्हणाले. "देव बसवायचं काम हाय तेचं. दमलेल्या मानसाला टेकाया जागा करून देतोय. सरकारनं मान्य केलंय."

मग माझ्याकडे वळून, जरा खालच्या आवाजात, म्हणाले, "हे आदी सांगायचं न्हाई व्हय रं? तीन वर्सं चार लोकांत मी उगाच खाली मान घालून बसलो."